विषय कट करण्याआधी आठ दिवस

कोल्हापुरातून येणाऱ्या फोनवर हल्ली एक प्रश्न हमखास असतो: "घेऊ का?" भाच्याला गाडी घ्यायची असते, मामेबहिणीला पॉलिसी, शेजारच्या काकूंना कळंब्याकडं दोन गुंठ्यांचा प्लॉट. "आत्ती, शोरूमवाला म्हणतोय, आज बुकिंग केलं तरच ही ऑफर. करू काय विषय कट?"

मी जपानात नागोयाजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम बघते. इकडं येण्याआधी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात हेच काम करत होते. गाडीतलं किंवा जमिनीतलं मला फार कळत नाही. पण निर्णय घ्यायचा कसा, याबद्दल इथं राहून माझं मत पक्कं झालंय, ते सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते. मोठा निर्णय त्या घडीच्या मनावर सोडायचा नाही. त्या घडीला मन घाईत असतं, थकलेलं असतं, समोरच्याच्या भिडेत अडकलेलं असतं. त्याच्यावरचा भार काढून तो कागदावर, दिवसांवर आणि सोबतच्या माणसांवर टाकायचा.

जपानमध्ये दारावर आलेल्या विक्रेत्याकडून काही घेतलं, तर कराराचा कागद हातात पडल्यापासून आठ दिवसांत लेखी कळवून तो करार रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही, दंड बसत नाही. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला जोडत न्यायच्या साखळी धंद्यात हीच मुदत २० दिवसांची आहे. आपण होऊन दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला ही सवलत नाही, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूलाही नाही. म्हणजे ज्या होकारावर दुसऱ्याचा दाब होता, त्याच होकाराला कायदा पुन्हा विचार करायची सवड देतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण भीड ही आपल्याकडची केवढी मोठी गोष्ट आहे! पॉलिसी घेऊन येणारा नात्यातला असतो, मार्चचा शेवटचा आठवडा असतो, चहा झालेला असतो. सही होऊन जाते.

आणि अशी सोय आपल्याकडंही आहे. भारतात आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्यूटी कापून बाकीचे पैसे परत मिळतात. तेव्हा पॉलिसी घरी आली की ती कपाटात टाकायची नाही. पाकिटावर पेनानं तारीख घालायची आणि येत्या रविवारी घरातल्या दोघांनी मिळून ती वाचायची. किती वर्षं भरायचे, मध्येच थांबवलं तर हातात काय येणार, आणि विम्याची रक्कम घर चालायला पुरेल का, एवढं तीन ओळींत लिहिता आलं नाही तर पॉलिसी समजलेली नाही असं धरायचं.

आता कुणीतरी म्हणणारच, आपण कोल्हापूरची माणसं, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडची माणसं पाण्यात अडकली तेव्हा आपल्या पेठांनी विचार करत वेळ घालवला नाही. पोळ्या लाटायला घराघरांतून हात लागले. दुसऱ्याच्या अडीनडीला धावताना आठ दिवस थांबायचं नसतंच. मी बोलतेय ते स्वतःच्या सहीबद्दल आणि स्वतःच्या हप्त्याबद्दल.

शिवाय धाडसी निर्णय म्हणजे घाईचा निर्णय असंही नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तिथून कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण ही गोष्ट काळजाच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण खाशाबा त्यांच्याच कॉलेजचा विद्यार्थी होता आणि १९४८ ला लंडनमध्ये सहावा येऊन दाखवलेला पैलवान होता, हेही लक्षात घ्या. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते ज्याची ताकद माहीत होती त्याच्यासाठी. शोरूममध्ये अर्धा तास बघितलेल्या गाडीबद्दल आपल्याला तेवढं माहीत असतं का?

भाच्याला मी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. कागद घ्यायला सांगितला, आणि सहीआधी आठ दिवस थांबायला. आठ लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के. सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना साधारण १२,८७० रुपये, आणि एकूण व्याज जातं सुमारे २ लाख ८१ हजार. पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०० आणि व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. हप्ता ३,७०० नं वाढतो, पण जवळपास ८५ हजार वाचतात. त्याला शोरूममध्ये फक्त "महिन्याला तेरा हजाराच्या आत" एवढं ऐकवलं होतं. दोन्ही आकडे स्वतःच्या अक्षरात शेजारीशेजारी लिहिल्यावर त्यानं स्वतःच विचारलं, "आणि कर्ज सहा लाखच काढलं तर?" हा प्रश्न त्याला सुचला, यातच सगळं आलं. ऑफर आठ दिवसांनी राहिली नाही तर? बहुतेक वेळा दुसरी येते. आणि नाहीच आली तरी घाईत सही करण्यापेक्षा ते बरं.

हिशेबाच्या वहीचंही असंच आहे. हानी मोतोको या जपानच्या पहिल्या महिला पत्रकारांपैकी एक. त्यांनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही छापून आणली, आणि ती पद्धत आजही इथं चालते. खर्चाचे चार कप्पे: गरज, हौस, पुस्तक-नाटक-शिक्षण, आणि अचानक आलेलं. हातानं लिहायचं, महिन्याच्या सुरुवातीला किती शिल्लक टाकायची ते आधी ठरवायचं. हे मी घरी सांगितलं आणि आईनं जुनी डायरी काढली. रविवारचं मटण गरजेत लिहायचं की हौसेत, यावर आई आणि वहिनीचं अजून एकमत नाही. पण त्या बोलण्यातून मटणावर महिन्याला किती जातात, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं. क्यूआर कोडवर मोबाइल धरून पैसे देताना ते कधी कळलं नसतं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सवय मात्र कारखान्यातली आहे. टोयोटा ही नागोया ज्या आइची प्रांतात आहे तिथलीच कंपनी. तिथल्या ताइची ओनो यांनी शॉपफ्लोअरवर रुजवलेली पद्धत आता आमच्यासारख्या कारखान्यांतही वापरतात: बिघाड झाला की पाच वेळा "का" विचारायचं, आणि उत्तरात माणसाला दोष द्यायचा नाही. कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागाला, भोकं पडली तर "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" हे उत्तर चालत नाही. वाळूत ओल किती होती, ती का वाढली, मोजली का गेली नाही, असं खाली उतरत जायचं.

हेच मी भावाबरोबर फोनवर करून बघितलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, रंकाळ्यावर जाणं चार दिवस होतं आणि बंद पडतं. तो म्हणाला, "आळस, दुसरं काय." मी म्हटलं, दादा, आळस हे उत्तर आपण धरायचं नाही. पहाटे का उठवत नाही? झोपायला बारा वाजतात. बारा का? जेवण साडेदहाला होतं. साडेदहा का? राजारामपुरीतलं दुकान साडेनऊला बंद होतं, मग गल्ला मोजून घरी यायचं. गल्ला रात्रीच का मोजायचा? कारण सकाळी बँकेत भरायचा असतो. इथं येऊन दोघंही थांबलो. पहाट त्याच्या दिवसात बसतच नव्हती, आणि तो मात्र स्वतःला आळशी म्हणवून घेत होता. दुपारी दीड ते चार दुकानात गर्दी नसते, पण त्या उन्हात चालणार कुठं? शेवटी ठरलं, दुकानाला जाताना गाडी न्यायची नाही. घर ते राजारामपुरी चालत जायचं, येताना मुलगा घेऊन येतो. रंकाळा रविवारी. हे टिकलंय, कारण दुकानाला तर रोज जायचंच असतं. स्वतःला नावं ठेवून कुणाची सवय लागलेली मी बघितली नाही. वेळापत्रकातली अडचण काढली की ती लागते.

सोबतीचंही तसंच. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो, रोज सकाळी साडेसहाला. आमच्या कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधी त्याच संगीतावर सगळे हातपाय मोकळे करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं गळ्यात कार्ड अडकवून गल्लीतल्या बागेत येतात आणि व्यायाम झाला की त्यावर शिक्का मारून घेतात. हे बघताना मला आपल्या तालमीच आठवतात. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत राहणाऱ्या पोराला पहाटे "आज उठू का" असा प्रश्नच पडत नाही, आजूबाजूचे उठलेले असतात आणि वस्ताद उभा असतो. मोबाइलमधलं अॅप हे काम करू शकेल असं मला वाटत नाही. शेजारच्या घरातलं एक माणूस गाठा, ते जास्त खात्रीचं.

आणि एक अगदी छोटी गोष्ट, जी आजपासून करता येईल. इथं रेल्वेचा चालक सिग्नलकडं बोट दाखवतो आणि मोठ्यानं म्हणतो की तो हिरवा आहे. केबिनमध्ये एकटा असला तरी म्हणतो. बघताना पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये हे तपासलं तेव्हा साध्या कामात शंभरामागे साधारण २.४ चुका होत होत्या, त्या बोट दाखवून बोलल्यावर ०.४ च्या आसपास आल्या. डोळा सवयीनं नुसता फिरतो, हात आणि आवाज लावला की लक्ष तिथं थांबतं. आई महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघते तेव्हा निम्म्या वाटेत तिला गॅसची आठवण येते. आता ती शेगडीसमोर उभी राहून बोट दाखवते, "रेग्युलेटर बंद", मग दाराशी, "कुलूप लावलं". पैसे पाठवताना मोबाइलवर दिसणारं नाव असंच मोठ्यानं वाचा आणि मगच पिन घाला. घरातल्या मुलांना आधी शिकवा. ती हे लगेच उचलतात, आणि मग मोठ्यांना विसरू देत नाहीत.