एनके सेल्स २ टक्के

मी गेली सतरा वर्षं सांगलीत ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. रोगप्रतिकारशक्तीचा चॅप्टर तर तोंडपाठ आहे, टी सेल, बी सेल, अँटीबॉडीचा तो वायसारखा आकार, सगळं पुस्तक न उघडता फळ्यावर काढते. पण एनके सेल म्हणजे नॅचरल किलर पेशी, त्यांचं नाव एनसीईआरटीच्या पुस्तकात न्यूट्रोफिल आणि मोनोसाइटच्या रांगेत येतं, पुढे कंसात लिहिलंय की हा लिम्फोसाइटचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशीचा, एक प्रकार, आणि मी पण दरवर्षी तेवढं वाचून पुढं जायचे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा मेसेज आला, सोबत रिपोर्टचा फोटो. "ताई, हे बघ गं जरा. एनके सेल्स २ टक्के, समोर लो लिहिलंय. गुगल केलं तर एनके डेफिशियन्सी म्हणून काय काय येतंय. मला खरं सांग."

भाची तेव्हा तेरा वर्षांची. आधी तिच्या धाकट्या भावाला कांजिण्या झाल्या, तो आठवड्यात बरा होऊन खेळायला पण लागला, मग हिला आल्या. आईने रीतीप्रमाणे अंथरुणात कडुलिंबाचा पाला घातला, घरात फोडणी बंद केली, सगळ्यांना वाटलं होईल बरी. पण हिचे फोड थांबेचनात, टाळूवर, तोंडात, पापणीच्या आतसुद्धा, आणि चौथ्या दिवशी तिला पायरी चढताना धाप लागली. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. लगेच ॲडमिट, शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध, ऑक्सिजन. फोड यायच्या आदल्या आठवड्यात दम्याचा ॲटॅक आला म्हणून एका दवाखान्यात तिला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. घरात कुणाला कांजिण्या आहेत का हे तिथं कुणी विचारलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी सांगितलंही नाही, कारण त्या दोन गोष्टींचा संबंध असतो हेच माहीत नव्हतं. स्टिरॉइड चालू असताना कांजिण्या फार उलटू शकतात. हे घरात लहान मुलं असलेल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला आता मनापासून वाटतं.

त्या रात्री मी पहाटेपर्यंत वाचत बसले. सतरा वर्षं मी जे कंसात सोडून दिलं होतं ते केवढं मोठं आहे हे तेव्हा कळलं.

आपल्या रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के एनके असतात. १९७५ च्या सुमारास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रोल्फ कीस्लिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांना उंदरांमध्ये अशा पेशी दिसल्या की ज्यांना आधी काहीही शिकवलेलं नसताना त्या कॅन्सरच्या पेशी मारत होत्या, म्हणून नाव नॅचरल किलर. अमेरिकेत रॉनल्ड हर्बरमन पण त्याच वेळी याच निष्कर्षाला पोचला होता. टी सेलचं तसं नसतं, नव्या विषाणूविरुद्ध तिची फौज उभी राहायला बरेच दिवस जातात, आणि ते मधले दिवस ज्यांच्या जिवावर निघतात त्यात एनके सेल पुढं असतात.

पण ओळख कशी पटते? मी भावाला फोनवर असं सांगितलं. गावाकडं दिवेलागणीला प्रत्येक घरात दिवा लागतो. आपली प्रत्येक निरोगी पेशी पण असा एक दिवा दारात लावून ठेवते, एमएचसी क्लास वन नावाचं प्रोटीन. टी सेल त्या दिव्याच्या उजेडात बघते की या घरात परकं कोण शिरलंय का. आता हर्पीस खानदानातले विषाणू, कांजिण्यांचा पण त्यातलाच, एवढे लबाड की आत शिरले की आधी दिवाच मालवतात, म्हणजे टी सेलला काही दिसायलाच नको. आणि इथं एनके सेल कामाला येते. ती त्या शेजारणीसारखी असते, जिला सगळी आळी उजळली आणि एकाच घरात अंधार दिसला की राहवत नाही, ती जाऊन बघतेच. संशय खरा निघाला की परफोरिन नावाच्या प्रोटीनने पेशीला भोकं पाडते आणि त्यातून ग्रँझाइम नावाची मारक प्रोटीनं आत सोडते, पेशी आतल्या विषाणूसकट मरते. नसलेल्या गोष्टीवरून शत्रू ओळखायचा ही कल्पना क्लास कॅरे या स्वीडिश शास्त्रज्ञाची, १९८६ साली त्याने ती प्रयोगाने दाखवली. मला तर ती वाचून अंगावर काटा आला.

मग ज्याच्याकडे ही शेजारीणच नाही त्याचं काय होतं? १९८९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका मुलीची केस छापली. वय १३. हे वाचलं आणि लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं नुसती बसले. त्या मुलीला कांजिण्यांनी मरणाच्या दारात नेलं होतं, नंतर सायटोमेगॅलो व्हायरसने गाठलं, नंतर हर्पीस सिंप्लेक्सने. बाकी टी सेल, बी सेल ठीक, एनके सेल मात्र नाहीतच. सगळे विषाणू एकाच खानदानातले, दिवा मालवणारे. पुढे कितीतरी वर्षांनी, २०१३ मध्ये, तिच्यात गाटा-टू या जीनमधला दोष सापडला.

आता असे बरेच जीन माहीत आहेत. गाटा-टूवाल्यांना अंगभर न हटणाऱ्या चामखिळी येतात, मोनोसाइट कमी असतात, आणि पुढे रक्ताच्या कॅन्सरचा धोका असतो. आयर्लंडमधल्या ट्रॅव्हलर या भटक्या समाजातल्या काही कुटुंबांत एमसीएम-फोर हा जीन बिघडलेला मिळाला, त्या मुलांची उंची खुंटते, ॲड्रिनल ग्रंथी पण नीट काम करत नाहीत. आणि एक प्रकार असा की रिपोर्टमध्ये एनके सेल अगदी भरपूर, पण त्यांच्या पृष्ठभागावरच्या सीडी-१६ या रिसेप्टरमध्ये असा काही बदल असतो की पेशी नीट मारत नाहीत. म्हणजे आकडा नॉर्मल आणि मूल आजारी. यावर उपाय म्हणाल तर रोज असायक्लोव्हिरसारखी औषधं, चामखिळी आणणाऱ्या एचपीव्ही विषाणूची लस, आणि काहींना बोनमॅरो ट्रान्सप्लांट.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमना मी हे सगळं भडाभडा विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतक्या गंभीर आजारात आणि स्टिरॉइडवर असताना काढलेल्या या आकड्यावरून मी काहीही ठरवणार नाही." एनकेचा आकडा आजारपणात, औषधांनी, ताणाने सुद्धा खाली जातो, तो बरं झाल्यावर, मध्ये महिनाभर तरी सोडून, असा तीनदा बघायचा. आणि टक्के नुसते बघायचे नाहीत, एका मायक्रोलिटरमध्ये पेशी किती हा आकडा पण बघायचा, कारण बाकीचे लिम्फोसाइट वाढले की एनकेचे टक्के आपोआप खाली दिसतात. जन्मजात एनके डेफिशियन्सी अतिशय दुर्मिळ आहे. पण ज्या मुलाला कांजिण्या जिवावर बेततात, किंवा एवढ्याशा वयात पुन्हा पुन्हा नागीण होते, हर्पीसचे फोड हटत नाहीत, चामखिळी वर्षानुवर्षं वाढतच राहतात, त्याच्या बाबतीत "प्रतिकारशक्ती कमी आहे हो" एवढ्यावर सोडू नका, विचारा, तपासा. आकडा चांगला असूनही मूल असंच आजारी पडत असेल तर पेशी खरंच मारतात का याची पण टेस्ट असते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, जन्मजात इम्युनोडेफिशियन्सीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या जन्मजात दोषांचं काम तिथं होतं, हे पण मॅडमनीच सांगितलं.

कांजिण्यांच्या लसीबद्दलही त्या बोलल्या. ती सरकारी लसीकरणात नाही, खासगीत घ्यावी लागते, आमच्या दोन्ही पोरांना कुणी दिलीच नव्हती. पण ती जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून ज्या मुलाच्या प्रतिकारशक्तीबद्दल शंका आहे त्याला आधी तपासणी, मग लस.

मधल्या काळात एका नातेवाइकाने एनके सेल वाढवणारी म्हणून एक पावडर आणून दिली, डबा अडीच हजारांचा. भाऊ इतका घाबरलेला की तो घेणारच होता. मी डबा परत पाठवला, त्यावरून वाईटपणा आला, येऊ दे. दोन टेस्टच्या मध्ये पोरीच्या पोटात काय काय गेलं याचा हिशेब मग कुणी द्यायचा?

एप्रिलमधल्या रिपोर्टमध्ये ९ टक्के. जूनमध्ये ११. तिसरा ऑगस्टमध्ये, १२ टक्के, आणि पेशींचा आकडा पण वयाला धरून. भावाने फोन केला तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं, नुसतं "ताई, ताई" करत होता.

राखीपौर्णिमेला गेले होते. भाचीच्या कपाळावर भुवईच्या वर दोन खड्डे राहिलेत, ती केस पुढं ओढून झाकते. ओट्यावर बसून मी तिला दिव्याची गोष्ट पुन्हा सांगत होते, तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "पण आत्या, ज्या घरात कुणी राहतच नाही तिथं दिवा कोण लावणार? तिथं पण ती शेजारीण जाऊन मारते का?"

सतरा वर्षांत वर्गात मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. कारण अशी घरं खरंच आहेत, लाल रक्तपेशी. त्यांच्यात केंद्रक नाही, दिवा जवळजवळ नसतोच, आणि तरी एनके सेल त्यांना हात लावत नाही. मी तिला सांगितलं की नुसता अंधार तिला पुरत नाही, आतून धडपडीचा आवाज पण यावा लागतो, अडचणीत सापडलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर वेगळी प्रोटीन काढते तो हा आवाज, आणि रिकाम्या घरातून तसा आवाज येत नाही.

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि ताटातली नारळीभाताची मूद माझ्याकडं सरकवली.