मुरगांवची खाडी रंगवणारा वलंदेज चित्रकार

१६३९ सालच्या ३० सप्टेंबरला गोव्यातल्या मुरगांवच्या खाडीत नांगरून ठेवलेली पोर्तुगीजांची तीन मोठी गॅलिऑन जहाजे वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, अचानक हल्ला करून नष्ट केली. बॉम जेझुस, सां बोआव्हेंतुरा आणि सां सेबास्तियांव अशी त्या जहाजांची नावे होती, आणि हल्ला करणाऱ्या आरमाराचे नेतृत्व कॉर्नेलिस सिमोन्सझोन व्हान डर व्हेर याच्याकडे होते. या घटनेनंतर चौदा वर्षांनी, म्हणजे १६५३ मध्ये, अँस्टरडॅमच्या हेंड्रिक व्हान आंथोनिसेन या चित्रकाराने तिच्यावर एक तैलचित्र केले, आणि ते आज त्याच शहरातल्या राइक्सम्युझियमच्या संग्रहात आहे. आपल्याकडे या चित्राचा उल्लेख झालाच तर तो पोर्तुगीज सत्तेला लागलेल्या ओहोटीचा दाखला म्हणून होतो, चित्रकाराचे नावही बहुधा घेतले जात नाही. मुरगांवच्या डोंगरावरच्या सड्यावरून रोज हीच खाडी पाहणाऱ्या मला हे फार दिवस खटकत आले आहे, कारण ज्या माणसाने आपल्या बंदराचे चित्र काढले तो कोण होता, कोणाकडे शिकला आणि समुद्राकडे कसा पाहत होता, हे कळल्याशिवाय ते चित्र पुरते कळत नाही.

आधी प्रसंगाची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १६३६ पासून वलंदेजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने दर मोसमात गोव्याची नाकेबंदी सुरू केली होती. पावसाळा सरला की त्यांचे आरमार मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखासमोर येऊन ठाण मांडत असे, म्हणजे लिस्बनला जाणारा माल अडकून पडे. या आरमाराला धान्य, पाणी आणि लाकूडफाटा मिळावा म्हणून त्यांनी आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये वखार घातली. आज वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ जी पडकी डच वखार लोक पाहायला जातात, तिचे मूळ गोव्याच्या या कोंडीत आहे. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो आणि आग्वादकडून आत शिरणे धोक्याचे होते. मुरगांवचा डोंगर मात्र नैर्ऋत्येच्या वाऱ्याला आडवा उभा असल्यामुळे त्याच्या आडोशाला जहाजे नांगरून राहू शकतात. पावसाळ्यात आसरा देणारी हीच जागा सप्टेंबरअखेर त्या तीन जहाजांना भोवली.

आंथोनिसेनचा जन्म १६०५ मध्ये अँस्टरडॅमला झाला. त्याचे वडील आर्ट आंथोनिझ हेही जहाजांचीच चित्रे काढत. हार्लेमच्या हेंड्रिक व्रोमने सागरचित्रणाला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि आर्ट त्याच वळणावर चालणारे होते. या जुन्या वळणाच्या चित्रांत जहाज हाच नायक असतो. दोरखंड, निशाणे आणि नाळेवरचे कोरीवकाम नावाड्यालाही चूक काढता येऊ नये इतक्या काटेकोरपणे उतरवलेले असते, आणि समुद्र त्या जहाजाखाली अंथरलेला असतो. आर्ट १६२० मध्ये वारले तेव्हा हेंड्रिक जेमतेम पंधरा वर्षांचा होता.

त्याच्या हाताला पुढे जे वळण लागले ते यान पोर्सेलिसचे. हा पोर्सेलिस नात्याने त्याचा साडू लागत होता. फ्लेसिअर्स नावाच्या चित्रकार घराण्यातल्या दोन बहिणी या दोघांनी केल्या होत्या. पोर्सेलिसच्या उमेदीच्या काळातला एक करार प्रसिद्ध आहे. १६१५ मध्ये अँटवर्पला असताना त्याने एका पिंपे बनवणाऱ्या कारागिराला वीस आठवड्यांत जहाजांची चाळीस चित्रे करून देण्याचे कबूल केले होते, म्हणजे आठवड्याला दोन. हातावर पोट असलेल्या अशा कामातून वर आलेल्या या माणसाला पुढच्या पिढीतल्या साम्युएल व्हान होखस्ट्राटेन या चित्रकार-लेखकाने सागरचित्रणातला राफाएल म्हटले, आणि खुद्द रेम्ब्रांटच्या घरात त्याची चित्रे होती.

पोर्सेलिसने जे केले ते धाडसाचे होते. त्याने क्षितिज खाली आणले आणि चित्राच्या फळीचा दोन तृतीयांश भाग आभाळाला देऊन टाकला. गर्विष्ठ युद्धनौकांच्या जागी त्याने मासेमारांच्या साध्या होड्या आणल्या, आणि रंगांची उधळण आवरून करडा, मातकट तपकिरी आणि फिका पिवळा एवढ्यांवर सगळे चित्र उभे केले. समोरच्या पाण्यावर ढगाच्या सावलीचा एक काळसर पट्टा, त्यामागे उजेडाचा, पुन्हा सावलीचा, अशा पट्ट्यांनी पाण्याला खोली येते आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हेही बघणाऱ्याला कळते. हवा रंगवायची आणि तिच्यातून जहाज हळूहळू दिसू लागावे, ही ती रीत. पावसाळ्यात सड्यावरून दोना पावलच्या बाजूला पाहावे, पलीकडचा काबचा डोंगर आधी नाहीसा होतो आणि मग सरीच्या फटीतून एखाद्या बार्जची नुसती कड उमटते. या रीतीत किती निरीक्षण आहे ते त्या वेळी मला पटते.

आंथोनिसेनमध्ये वडिलांचे जहाज आणि साडूची हवा अशा दोन्ही गोष्टी उतरल्या, असे माझे मत आहे. त्याचे मोठेपण मात्र मला गोव्याच्या चित्रापेक्षाही एका किनाऱ्याच्या चित्रात अधिक दिसते. स्खेवेनिंगेन या हेग शहराजवळच्या कोळीगावाची पुळण त्याने १६४१ च्या सुमारास रंगवली. हे चित्र १८७३ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाला मिळाले आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे थंडीतल्या शांत किनाऱ्याचे एक साधे चित्र म्हणूनच ओळखले गेले. वारा सुटलेला आहे, होड्या आहेत, आणि गरम कपडे घातलेल्या माणसांचे घोळके वाळूत उभे आहेत. एवढ्या गारठ्यात ही माणसे कशासाठी जमली आहेत, याचे उत्तर चित्रात नव्हते.

ते उत्तर २०१४ मध्ये मिळाले. चित्रावरचे पिवळे पडलेले व्हार्निश काढण्याचे काम शान क्वांग या तरुण संवर्धक करत होत्या. व्हार्निश निघू लागले तेव्हा आधी क्षितिजाच्या रेषेवर एक माणूस दिसू लागला, पायाखाली काहीच आधार नसलेला. त्याच्या शेजारी शिडासारखा एक आकार उमटला. आणखी सफाई झाल्यावर कळले की ते शीड नव्हे, माशाचा पर आहे, आणि तो माणूस किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड देवमाशाच्या अंगावर उभा आहे. मूळ चित्राच्या मधोमध असलेला हा देवमासा नंतरच्या काळात कोणीतरी समुद्राच्या आणि वाळूच्या रंगाने झाकून टाकला होता. दिवाणखान्यात मेलेले जनावर नको म्हणून असेल किंवा चित्र विकले जावे म्हणून असेल. तो थर सूक्ष्मदर्शकाखाली, द्रावण आणि बारीक पाते वापरून, तिळातिळाने काढावा लागला.

देवमासा परत आल्यावर त्या चित्रातल्या प्रत्येक माणसाच्या उभे राहण्याला अर्थ आला. त्या काळी हॉलंडच्या किनाऱ्यावर देवमासा लागणे ही मोठी वार्ता असे. १५९८ मध्ये बेर्कहाइजवळ लागलेल्या देवमाशाची चित्रे छापून दूरवर गेली होती, आणि लोक त्यात येणाऱ्या संकटाची चाहूल पाहत. कोणी जवळ जाऊन हात लावतो, कोणी बायकामुलांसह लांबच थांबतो, कोणी नुसते अंतर राखून बोलत उभे राहते. आपल्या किनाऱ्यावरही कधीमधी मेलेला देवमासा वाहून येतो तेव्हा रापणकारांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे अगदी असेच अर्धवर्तुळ करून उभे राहतात, आणि वास येत असला तरी हलत नाहीत. माणसे समुद्रापुढे कशी उभी राहतात याची ही जाण जहाजे मोजत बसणाऱ्या चित्रकाराला येत नाही. ती पुळणीवर उतरून, लोकांत मिसळूनच येते.

आता पुन्हा गोव्याच्या चित्राकडे येतो. आंथोनिसेन पूर्वेकडे आल्याची नोंद नाही. असे चित्र करताना कप्तानांची रोजनिशी, खलाशांचे बोलणे, नकाशे आणि छापील चित्रे यांवर चित्रकाराची भिस्त असे. अँस्टरडॅममध्ये गोवा अपरिचित मुळीच नव्हता. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी राहून गेलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेनचा ग्रंथ १५९६ मध्ये त्याच शहरात, गोव्याच्या तपशीलवार नकाशासह प्रसिद्ध झाला होता. तरी कागदावरून खाडीचा आकार कळतो, पाणी कळत नाही. सप्टेंबरअखेर जुवारीचे पाणी आतल्या बाजूला अजून तांबूस गढूळ असते, बाहेरचे हिरवट असते, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे फेसाची एक वाकडी रेघ भरतीओहोटीबरोबर पुढेमागे सरकत राहते. आरमाराची भाषा बोलणाऱ्या कप्तानाच्या अहवालात अशी रेघ यायची नाही, आणि ती न पाहिलेल्या माणसाकडून मी ती मागतही नाही. विजयाचे चित्र करणाऱ्या कारागिराकडून अपेक्षा असते ती जहाजे, झेंडे आणि आग यांची.

१६५३ हे सालही लक्षात घ्यावे लागते. १६४४ मध्ये गोव्याची कोंडी उठली होती, पण १६५२ पासून पोर्तुगीजांशी पुन्हा युद्ध जुंपले होते आणि त्याच वर्षी इंग्रजांशीही. १६५३ च्या ऑगस्टमध्ये सेनापती मार्टेन ट्रॉम्प इंग्रजांशी लढताना मारला गेला, आणि ती लढाई झाली स्खेवेनिंगेनच्याच समोर, जिथल्या वाळूवर आंथोनिसेनने देवमाशाभोवतीची माणसे रंगवली होती. घरच्या समुद्रावर असा घाला पडलेला असताना चौदा वर्षांपूर्वीचा दूरदेशचा विजय चित्रात पाहणे तिथल्या लोकांना का हवेसे वाटले असेल, याचा अंदाज करता येतो. आंथोनिसेन त्यानंतर तीनच वर्षांनी, १६५६ मध्ये, अँस्टरडॅमला वारला. त्याचा मुलगा आर्नोल्डस याने सागरचित्रांचे काम पुढे चालवले, म्हणजे एकाच घरात तीन पिढ्या समुद्र रंगवला गेला.

राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातली बहुतेक जुनी चित्रे मोठ्या आकारात संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, आणि ती उतरवून छापायला हरकत नसते. मुरगांव तालुक्यातल्या एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने आंथोनिसेनचे हे चित्र छापून लावावे, खाली त्याचे नाव आणि त्या तीन जहाजांची नावे लिहावीत, आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी सप्टेंबरच्या अखेरीस मुलांना सड्याच्या टोकावर नेऊन हीच खाडी त्यांच्याकडून रंगवून घ्यावी. जुवारीच्या तांबड्या पाण्याची ती रेघ ती मुले नक्की काढतील, कारण त्यांनी ती पाहिलेली आहे.