स्वीट पीवरची काट

मंगळवार, रात्र

मनूने तिच्या लग्नातल्या फुलांच्या यादीतल्या स्वीट पीवर काट मारली. पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'निरोप. नको.'

झालंय ते एवढंच. बाकी दिवस चांगला गेला, कामं उरकली, कोणाशी वाजलं नाही. तरी साडेअकरा वाजून गेलेत आणि मला झोप नाही.

प्रत्येक फूल अर्थ बघूनच घ्यायचं हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मला ते आवडलंही होतं. लग्न वसंतातलं, त्यामुळे निवडायला हवी तेवढी फुलं. तीन संध्याकाळी आम्ही दोघी यादी घेऊन बसलो. लायलॅक घेतला, कारण तो प्रेमाची पहिली चाहूल. आयव्हीची पानं निष्ठेसाठी. लिली ऑफ द व्हॅलीपुढे 'परत आलेलं सुख' असं होतं. तिथे वाचता वाचता तिचा आवाज थांबला. मीही काही बोलले नाही. ते फूल न बोलताच ठरलं. जांभळा हायसिंथ दुःखाचा म्हणून गेला, अ‍ॅनिमोनी सोडून दिलेल्या माणसाची म्हणून गेली. दर वेळी मी मान डोलावली, अगदी मनापासून. मग माझ्या फुलावर काट बसल्यावरच का लागलं?

कारण त्या अख्ख्या यादीत मी सुचवलेलं तेवढं एकच होतं. बाकी फुलं तिची, त्याची, त्याच्या आईची. मी एक नाव घेतलं आणि तेच नेमकं नको ते निघालं. आता तिच्या मनात हेच राहणार का, की ताईने सुचवलं ते फूल जाण्याचं होतं? आणि पिओनी मात्र राहिली! तिच्यापुढे 'लाज' लिहिलंय, तर मनू म्हणाली, "लाजणं चालेल गं ताई." पिओनीला सवलत, स्वीट पीला नाही.

जेवणं झाल्यावर मी इरेला पेटून वाचत बसले, हे अर्थ ठरवले तरी कोणी म्हणून. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवर एक पुस्तक निघालं आणि मग तसल्या पुस्तकांची लाटच आली. १८८४ मध्ये लंडनमध्ये केट ग्रीनअवेने चित्रं काढून असंच एक छोटं पुस्तक केलं. स्वीट पी म्हणजे निरोप, पिओनी म्हणजे लाज, पिवळा ट्युलिप म्हणजे आशा नसलेलं प्रेम, हे सगळं त्यात आहे. तोच पिवळा ट्युलिप आज लोक एकमेकांना आनंदाचा म्हणून देतात. चीनमध्ये पिओनी म्हणजे वैभव आणि मान, लाजेचा संबंधच नाही. २०११ मध्ये ब्रिटनच्या राजपुत्राशी लग्न करताना केट मिडलटनच्या हातातल्या गुच्छात लिली ऑफ द व्हॅली, आयव्ही आणि मर्टलबरोबर हायसिंथही होता. तिथे त्याचा अर्थ प्रेमातलं सातत्य. म्हणजे एकच फूल एकीच्या यादीत दुःख आणि दुसरीच्या हातात सातत्य. मला वाटलं, सकाळी हे सगळं मनूपुढे ठेवावं. मुद्दे मनात मांडूनही झाले होते.

मग पाणी प्यायला उठले आणि वेलाजवळ जाऊन उभी राहिले. स्वीट पीच्या पानाच्या टोकाला पान नसतं, तिथून तणावे फुटतात, शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक. एका तणाव्याने शेजारच्या फुलाच्या देठाला तीन वेढे घातले होते. मी नखाने सोडवायला गेले तर तणावा तुटला, पण वेढे सुटले नाहीत. निरोपाचं फूल म्हणतात, आणि हाताला लागेल ते असं धरून ठेवतं! याचं बी १६९९ मध्ये कुपानी नावाच्या सिसिलीतल्या एका साधूने इंग्लंडला पाठवलं, तिथून पुढे ते बागाबागांतून गेलं. घर सोडलेलं फूल. वास मात्र सोबत घेऊन निघालं असणार.

तिथे उभी असताना मनातलं खरं वर आलं. इथे तरी लिहावं.

मला अर्थ ठाऊक होता.

मनूने विचारलं तेव्हा मी "अगं, असा अर्थ आहे होय!" असं म्हणाले. खोटं बोलले. वेल लावला तेव्हाच वाचलं होतं, आणि ते वाचूनच तो अधिक आवडायला लागला होता. तरी यादीत नाव घातलं. का? मला तिच्या आनंदात काही मिसळायचं नव्हतं, शपथेवर सांगते. पण गेले कित्येक महिने सगळे मला विचारतात ते हॉलचं, पत्रिकांचं, गाडीचं. दोन उशांच्या खोलीत एक उशी उरणार, हे कोणी विचारत नाही. मी तरी कशाला बोलेन! मला वाटतं, ते कोणीतरी वाचावं एवढंच हवं होतं. आणि ते मनूने वाचलं.

काट इतकी हलकी का होती, ते आत्ता लिहिताना कळतंय. तिने पिओनीचा अर्थ हसून सोडून दिला, हा नाही सोडला. माझ्या फुलाला तिने सवलत दिली नाही, कारण ते तिला खरं वाटलं.

आता राग नाही. मुद्देही नाहीत. तिच्या हातात तिला हवी तीच फुलं असू देत. लायलॅक, लिली, ती लाजरी पिओनी, सगळी. निरोप तिने हातात धरायचा नसतोच, ती तर निघालेली असेल.

त्या बाकीच्या गोष्टीबद्दल, लिलीपाशी आम्ही दोघी गप्प का झालो त्याबद्दल, आज नको.

स्वीट पीचं एक असतं, फुलं खुडत राहिलं तर तो फुलत राहतो. वेलावरच ठेवली की शेंगा धरतात आणि फुलायचा थांबतो. एक दिवसाआड तरी कापावीच लागतात. लग्नाला पाच आठवडे आहेत. उद्या सकाळी सात-आठ देठं निघतील, दोन गडद जांभळी, बाकी फिकट गुलाबी. ग्लासात घालून तिच्या टेबलावर ठेवेन, चष्म्याच्या डबीशेजारी. आणि अर्थ मला आधीच ठाऊक होता, हे तिला सांगेन.