मागची लाईट चालूच होती

फिर्यादीत नेहमीचंच वाक्य होतं: कारचालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून पुढे जाणाऱ्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीस पाठीमागून जोराची धडक दिली व स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम २७९, ३०४ अ. आरोपी मयत, त्यामुळे ‘अ‍ॅबेट समरी’चा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, कागद तयार होत होता. करोनाच्या आधीचा शेवटचा गळीत हंगाम, जानेवारी महिना, नीरेच्या खोऱ्यातला एक राज्यमार्ग. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यानंतर अपघात नेमका कसा घडला हे शोधून देण्याचं काम मी स्वतंत्रपणे करतो. या वेळी मला ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने पाठवलं होतं. त्यांची अपेक्षा उघड होती. कारचा वेग जास्त होता एवढं मी सिद्ध केलं की त्यांचं काम झालं.

पोलिसांकडे वेगाचा पुरावा म्हणजे एक फोटो. कारच्या स्पीडोमीटरचा काटा ११० वर अडकलेला. गावात तोच फोटो फिरला होता आणि ‘एकशे दहाने आला’ हे सगळ्यांना पाठ झालं होतं. मी गाडी पाहिली तेव्हा अख्खा डॅशबोर्ड वाकून मीटरची काच आत घुसली होती आणि काटा त्या मोडक्या प्लॅस्टिकमध्ये अडकला होता. काटा आदळून तबकडीवर उठलेली खूण असती तर विचार केला असता. तशी खूण नव्हती. तो काटा प्लॅस्टिकने नेला तिथे गेला होता.

दोन बाजू, दोन गोष्टी. ट्रॅक्टरचालक शेजारच्याच गावचा, पंचविशीतला पोरगा. तो म्हणत होता, “गाडी चालू होती साहेब, आन् मागची लाईट चालूच व्हती. आईशप्पत.” कारमध्ये डाव्या सीटवर मयताचा मावसभाऊ होता. तो वाचला. खांद्याला प्लास्टर घेऊन त्याने सांगितलं, “ट्रॉली रस्त्यात उभी होती. लाईट नव्हती. समोर नुसता अंधार, आणि एकदम ऊस.” पोलिसांनी ट्रॅक्टरचं बटण तपासलं होतं, ते चालू स्थितीत सापडलं. तेवढ्यावर मावसभावाचं म्हणणं बाजूला पडलं.

मी पोचेपर्यंत दहा-बारा दिवस उलटले होते. ऊस तर त्याच सकाळी दुसऱ्या ट्रॉल्यांत भरून कारखान्याला गेला होता. ऊस वाळला की वजन घटतं, त्यामुळे अपघात असो नाहीतर आणखी काही, तो थांबवत नाहीत. त्यातून एक फायदा मात्र झाला, वजनकाट्याची पावती मिळाली. नुसता ऊसच १९ टनांच्या वर होता. कार माणसांसकट टनाच्या आत.

या आकड्यांनी माझी नेहमीची हत्यारं बोथट केली. दोन गाड्या एकमेकींना ढकलतात तेव्हा संवेगाच्या हिशोबातून वेग काढता येतो, पण इथे एक बाजू इतकी जड की ती हललीच नसल्यासारखी. पत्रा किती चेपला यावरून वेग काढायचा तर बंपरने मार खाल्लेला हवा. इथे बंपर जवळजवळ शाबूत होता. बॉनेट ट्रॉलीखाली सरकलं होतं आणि चालकाच्या बाजूचा खांब व छप्पर ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पट्टीने सोलून काढलं होतं. ट्रकच्या मागे खाली जो लोखंडी आडवा दांडा असतो तो अशासाठीच. उसाच्या ट्रॉलीला तो मी क्वचितच पाहिला आहे.

त्या मानाने ट्रॉली उभी होती की चालू, हे सोपं निघालं. धडकेच्या जागी डांबरावर लोखंडाने उकरलेली खाच होती. तिथून पुढे अकरा मीटर कारच्या टायरचे फरफटल्याचे पुसट पट्टे गेले होते. उभ्या भरलेल्या ट्रॉल्यांना एवढीशी कार फार तर मीटरभर ढकलेल. इथे ट्रॉलीनेच अडकलेल्या कारला ओढत नेलं होतं. पोराने डेक मोठ्याने लावला होता, धक्का कळून थांबायला त्याला तेवढं अंतर लागलं. म्हणजे मावसभावाची निम्मी साक्ष गेली. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. रात्री साठ-सत्तरने जाणाऱ्याला बाराच्या वेगाने चाललेलं वाहन उभंच दिसतं.

वेग मिळाला तो अलीकडच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातून. अपघाताच्या जागेपासून साधारण सहाशे मीटर आधी. चित्रात रस्त्याकडेचे विजेचे दोन खांब होते, मधलं अंतर ३१ मीटर. कारने ते ३७ फ्रेममध्ये कापलं. इथे घाई करून चालत नाही. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, डीव्हीआरवर, सेकंदाला २५ फ्रेम लिहिलेलं असतं, पण स्वस्त यंत्रं मधल्या फ्रेम गाळतात आणि हिशोब कोलमडतो. म्हणून त्याच कॅमेऱ्यासमोर चालू स्टॉपवॉच धरून रेकॉर्डिंग केलं आणि फ्रेम मोजल्या. यंत्र प्रामाणिक निघालं. ३७ फ्रेम म्हणजे १.४८ सेकंद, वेग ताशी ७५ किलोमीटर. एका फ्रेमची चूक इकडे-तिकडे धरली तर ७३ ते ७८. अशा रस्त्यावर कारची मर्यादा ७०. किंचित जास्त, पण ११० नव्हे.

त्याच चित्रफितीत साधारण मिनिटभराने समोरून आलेला एक ट्रक पंपावरून गेला. वेळांचा मेळ घातला तर कार आणि हा ट्रक एकमेकांसमोर आले ते अपघाताच्या जागेच्या आसपास. कारच्या हेडलाईटचा बल्ब काढून पाहिला, त्यात अप्पर-डिपरच्या दोन तारा असतात. डिपरची तार ताणून वाकलेली होती, अप्परची जशीच्या तशी. समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याने लाईट खाली घेतली होती. रस्त्यावर हे किती जण करतात ते आपल्याला माहीत आहे.

आता ट्रॉलीच्या लाईटकडे. ट्रॉली ठाण्याच्या आवारात उभी होती. उजवीकडच्या दिव्यात बल्बच नव्हता, होल्डर गंजलेला. डावीकडची काच फुटलेली, बल्बची काचही फुटलेली, पण तारा जागेवर. हा बल्ब दोन तारांचा असतो, ५ वॉटची मागच्या लाईटची आणि २१ वॉटची ब्रेकची. टंगस्टनची तार पेटलेली असताना दोन हजार अंशांच्या वर तापलेली आणि मऊ असते. त्या क्षणी धक्का बसला तर वेटोळं गुळाच्या पाकाच्या तारेसारखं लांबतं. थंड असेल तर ते तसंच राहतं किंवा कट्कन तुटतं. शिवाय पेटलेल्या तारेला हवा लागली की तिच्यावर पांढरट-पिवळसर ऑक्साइडचा थर बसतो, फुटलेल्या काचेचे कण तिच्यावर वितळून चिकटतात. भिंगाखाली ५ वॉटची तार लांबलेली, पांढुरकी, वर काचेचे दोन बारीक मणी. २१ वॉटची चकचकीत. म्हणजे लाईट चालू होती आणि ब्रेक दाबलेला नव्हता.

कुणी नंतर बटण चालू केलं असेल तर? हा प्रश्न कोर्टात येतोच. फुटलेल्या बल्बला नंतर वीज दिली तर तार हवेत जळते, पण ताणली जात नाही. ताण धक्क्याच्याच क्षणी येतो.

माझं काम तिथेच संपलं असतं. चालक खरा, लाईट चालू, वेग मर्यादेच्या वर. कंपनीला हवं ते सगळं मिळालं होतं. पण समोर मोकळा रस्ता, पेटलेला लाल दिवा, आणि टायरच्या खुणा मात्र जेमतेम नऊ मीटर. कार २०१९ च्या आधीची, तिला चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नव्हतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊन लगेच खुणा उठल्या असणार. पेटलेला दिवा लांबून दिसलेला माणूस इतक्या उशिरा ब्रेक दाबत नाही.

मी तो दिवा पुन्हा हातात घेतला. फुटलेल्या काचेच्या कडेत आणि मागच्या पत्र्याच्या खाचेत हिरवट-वाळक्या पात्याचे तुकडे चिरडून बसले होते. उसाच्या ट्रॉलीवर पात्याचं काय नवल? पण शेजारच्या पट्टीवर कारच्या छपराचा करडा रंग घासला गेला होता, आणि त्या रंगाखालीही पातं होतं. चिमट्याने सोडवलं तर पात्याच्या शिरांचा ठसा रंगाच्या आतल्या बाजूला, आणि खालची पट्टी स्वच्छ, तिला कारचा रंग लागलेलाच नाही. पात्याबाहेर मात्र रंग थेट लोखंडावर. अपघातानंतर पडलेलं पातं रंगाच्या वर असतं. हे धडकेच्या क्षणी कार आणि दिवा यांच्या मध्ये होतं.

पोराला बोलावलं.

“मागं काय बांधलं होतंस?”

“काय नाय साहेब.”

“वाढं?”

तो थांबला. “दोन भारं व्हतं. घरच्या म्हशीला. समदेच नेत्यात.”

उसाचे शेंडे, म्हणजे वाढं, तोडताना फडातच राहतात, कारखाना ते घेत नाही. चालक एखाददुसरा भारा मागे लटकावतो, घरच्या जनावरांना चारा होतो. त्याने एक भारा डावीकडे बांधला होता, दुसरा मध्ये, कारखान्याने दिलेलं लाल चमकणारं कापड होतं तिथे. भारे आता कुठे आहेत विचारलं तर हवालदार हसला. ठाण्याच्या आवारात सोडवून आणले होते, तिथल्या मोकाट गाईंनी दुसऱ्या दिवशी फस्त केले. पंचनाम्यात त्यांचा उल्लेख नाही. पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत गावातल्या एका मुलाने मोबाईलवर घेतलेल्या फोटोत एक भारा पट्टीला लोंबताना दिसत होता. रस्त्यावरच्या नऊ मीटरच्या खुणाही त्याच फोटोंतून मोजल्या. त्यात मधल्या पांढऱ्या पट्ट्या होत्या, त्यांची लांबी जागेवर जाऊन घेतली.

मग हिशोब उलटा लावला. डांबर कोरडं, घर्षण गुणांक ०.७. ७५ ने आलेली कार नऊ मीटर घसरल्यावर धडकली तेव्हा ६३ वर होती, म्हणजे बाराने चाललेल्या ट्रॉलीच्या तुलनेत ५१. काहीतरी दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर त्याने ट्रॉली पाहिली तेव्हा मधलं अंतर ३४ मीटरच्या आसपास होतं. शिवाय वळायला जागाही डावीकडेच, कारण उजवीकडून ट्रक येत होता. खुणा डावीकडे वळलेल्या होत्या.

खात्री म्हणून कॅनॉलच्या बंद रस्त्यावर अंधाऱ्या रात्री तीच ट्रॉली उभी केली, नवा बल्ब, ऊस भरून, मागे वाढ्याचे भारे. डिपरवर गाडी हळूहळू पुढे नेली. शेजारी बसलेल्यांना ट्रॉली ओळखू आली ती पन्नासेक मीटरवर. शोधायला बसलेल्या माणसाला वस्तू लवकर दिसते, बेसावध चालकाला त्याच्या अलीकडे, त्यामुळे ३४ बसत होते. भारे काढले तर तीच ५ वॉटची लाईट दोनशे मीटरच्या पुढूनही दिसत होती. बरोबर आलेला तपास अधिकारी रस्त्यात उभा राहून काही वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, “साहेब, आता ही समरी मी कशी पाठवू?”

कार ७० ने असती तर? तोही हिशोब केला. धडक झालीच असती, ट्रॉलीच्या तुलनेत ४० च्या वेगाने. ६० ने असती तर जेमतेम टळली असती. दोन्ही आकडे अहवालात लिहिले. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोन करून विचारलं, वाढ्याचा भाग ‘निरीक्षणे’ या सदरात टाकला तर चालेल का, निष्कर्षात कशाला. मी नाही म्हटलं. अहवाल कंपनीने दाखलच केला नाही. मयताच्या पत्नीच्या वकिलांनी तपास अधिकाऱ्याच्या जबाबातून माझं नाव शोधून काढलं आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मला समन्स आलं.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी आधी पात्याची थट्टा केली. उसाच्या ट्रॉलीवर उसाचं पातं सापडलं, हा तुमचा शोध? मी रंगाखालचं पातं दाखवणारे मोठे केलेले फोटो काढले. न्यायाधीशांनी ते जवळ मागून घेतले आणि कोणता थर वर, कोणता खाली हे स्वतः विचारून लिहून घेतलं. त्यानंतर वकिलांनी नेमका प्रश्न विचारला.

“मयत साठच्या वेगाने गाडी चालवत असते तर अपघात टळला असता, हे खरं?”

“हो.”

“पुढे काही नको.”

मी पुढे सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी हरकत घेतली. ७० चा आकडा मग पत्नीच्या वकिलांनी फेरतपासणीत वदवून घेतला.

बाहेर व्हरांड्यात मयताचे वडील भेटले. म्हणाले, “दादा, एवढं खरं शोधलंत, मग ते साठचं कशाला लिहिलंत? त्यांना कळलंच नसतं.” मी म्हटलं, “काका, ते गाळलं असतं तर पात्याचंही कुणी ऐकलं नसतं.” त्यांना ते पटलं नाही. मला वाटतं, त्यांच्या जागी मलाही पटलं नसतं.

न्यायाधिकरणाने मयताचा निष्काळजीपणा वीस टक्के धरला, ऐंशी टक्के ट्रॅक्टरचा. भरपाईतून तेवढा भाग कापला. विमा कंपनी उच्च न्यायालयात अपिलात गेली आहे, आणि अपिलाच्या पहिल्याच पानावर तो स्पीडोमीटरचा फोटो आहे.