‘वरून आलंय’ म्हणजे नेमकं कुठून?

आज वाशीतल्या प्राध्यापकांच्या बैठकीत एकच विषय चघळला गेला: सीमेवरचं (बेळगावच्या नव्हे, लडाखच्या) चर्चासत्र घ्यायचं की गुंडाळायचं.

बंदीचा कागद क्वचितच निघतो. फोन येतो, ‘वातावरण बरं नाही, पुढे ढकला.’ ढकललेलं चर्चासत्र पुन्हा उभं राहत नाही. म्हणून फोन ठेवल्यावर लगेच ईमेल टाकावा: ‘आजच्या बोलण्यात कार्यक्रम थांबवण्याची सूचना मिळाली. आदेशाचा क्रमांक, तारीख व कलम कळवावं.’ निम्म्या सूचना इथेच विरतात.

कागद दाखवलाच तर तारीख बघा. ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांना पूर्वपरवानगी, आणि सुरक्षा, सीमा, ईशान्य, जम्मू-काश्मीर, लडाख हे विषय वर्ज्य, अशी सूचना शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2021 मध्ये काढली होती. विज्ञान अकादमींनी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ती मागे घेतली गेली.

घटनेच्या कलम 19(2) मध्ये ‘राज्याची सुरक्षा’ हे कारण आहे, पण त्यासाठी कायदा लागतो. प्राचार्यांची धास्ती हा कायदा नव्हे.

खरी जोखीम आहे ती प्रयोगशाळेत, आणि तिथे कुणी बघत नाही. ‘स्कोमेट’ ही नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणाऱ्या वस्तू-तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी यादी. तिच्यातल्या तंत्रज्ञानाची ड्रॉइंग्ज परदेशी सहकाऱ्याला ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यातच. परवाना बहुतेक बाबतीत विदेश व्यापार महासंचालनालयाचा. आधीच प्रकाशित झालेलं आणि मूलभूत संशोधन त्यातून वगळलेलं आहे. इतिहास विभागाच्या पाहुण्यांची यादी तपासणाऱ्यांनी आधी अभियांत्रिकीचे सामंजस्य करार काढून वाचावेत.