दाजीपूरचे निळे माशीमार: नर जमले, गाडी मादीवर अडली

कोल्हापूरकडच्या राधानगरी-दाजीपूर जंगलातल्या निळ्या माशीमार पक्ष्यांची यादी या हिवाळ्यात एकदाची मार्गी लागतेय. तीन जाती आहेत, त्यांत नर ओळखण्याचा विषय जवळपास मिटला. टिकेलच्या माशीमाराचा कंठ नि छाती नारिंगी, पोट पांढरं, मधली सीमा स्वच्छ. निळ्या कंठाच्या माशीमाराचा गळा निळा आणि छातीचा नारिंगी रंग त्यात त्रिकोणी घुसलेला. हा हिमालयाकडचा हिवाळी पाहुणा, तेव्हा ऐन जूनमध्ये दिसला असं कुणी म्हणालं तर आधी फोटो मागा. तिसरा पांढऱ्या पोटाचा माशीमार, त्याच्या नरात नारिंगीचा पत्ताच नाही. छातीपर्यंत गडद निळा, खाली पांढरट. तो फक्त आपल्या पश्चिम घाटातला.

खरी डोकेदुखी माद्यांची. ओढ्याकाठच्या गच्च अंजनी-जांभळात कमरेइतक्या उंचीवर नारिंगी छातीचा पक्षी दिसतो आणि आपण ‘टिकेल’ लिहून मोकळे होतो. टिकेल काय, पन्हाळ्यावरसुद्धा भेटतो, म्हणून हात तिकडेच वळतो. माझं आता ठाम मत आहे: छाती सोडा, शेपूट बघा.

गेल्या खेपेला सोबतचे गाववाले मामा हेच म्हणाले. मी दुर्बीण लावून गळ्याचा रंग न्याहाळत होतो. मामा हळूच म्हणाले, “म्होरनं काय बघताय? मागनं बघा की!” पक्षी कारवीच्या काटकीवर वळला, शेपूट जरा उघडलं आणि उन्हाच्या कवडशात ते चक्क तांबूस निघालं. पाठ तपकिरी, डोकं करडं, चोचीपासून डोळ्यापर्यंत फिकट पट्टा, कंठ भडक नारिंगी. पांढऱ्या पोटाची मादी! टिकेलच्या मादीच्या पाठीवर आणि शेपटीवर फिकी का होईना, निळी झाक असतेच. निळ्या कंठाच्या मादीचंही शेपूट तांबूस असतं, पण तिचं डोकं तपकिरी आणि कंठ मळकट पिवळसर.

फोटोवाल्यांसाठी एक गोष्ट. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंग कॅमेऱ्यावर सोडले की, झाडीतल्या हिरव्या उजेडात ही निळी झाक करडी होऊन जाते आणि मग घरी बसून वाद. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, रंग नंतर नीट करता येतात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२०० गेला तरी चालेल, फोटोत दाणे दिसू देत. आवाज लावून पक्षी बोलवायचा प्रकार मात्र मी करत नाही, विणीच्या दिवसांत तर नाहीच.

ठिपकेवाल्या पिल्लांच्या ओळखीला अजून हात घातलेला नाही. आंबोली-तिलारीकडचे कुणाकडे मादीचे फोटो असतील तर पाठवा. पाठमोरे म्हणून टाकून दिलेले असतील, तर तेच आधी.