तुम्ही विचारलंत म्हणून : मुलं टिकत का नाहीत?

"वस्तीतल्या सामाजिक उपक्रमाला पहिल्या दिवशी पन्नास मुलं येतात, तिसऱ्या बैठकीला पाच. आजच्या पिढीला समाजाचं काही पडलेलंच नाही का?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय, की आता एकदाच नीट लिहून टाकते.

पडलेलं असतं. पण आपण मुलांना कामं देतो, निर्णय देत नाही. खुर्च्या मांडा, पत्रकं वाटा, फोटोत पुढे बसा. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना हवं तसं वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं या तळाच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. आपले बरेचसे उपक्रम तिथेच अडकलेले असतात.

गळती नेमकी कुठे सुरू होते, तेही सांगते. मुलांना म्हटलेलं असतं, "या मोकळ्या जागेचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा." मुलं घरोघर जातात, प्रश्नावली भरून घेतात, आकडे जुळवतात. दिवे आणि बाकं हवीत, असं निघतं. बैठकीत ती हे मांडतात. थोरांपैकी कुणीतरी कौतुकानं म्हणतं, "फार छान मेहनत केलीत! पण यंदा आपण भिंती रंगवून घेऊ, ते सोपं आहे." आवाज चढत नाही, कुणी वाद घालत नाही. मांडणी करणारी मुलगी कागद फाईलमध्ये ठेवते आणि उरलेला वेळ मान खाली घालून बसते. पुढच्या बैठकीला ती येत नाही, तिच्यामुळे आलेल्या चौघीही येत नाहीत. आणि आपण म्हणतो, मुलांना चिकाटी नाही!

यावर उपाय पहिल्या बैठकीच्या आधीच करावा लागतो. रक्कम किती, मुदत कधीपर्यंत आणि कशाला हात लावायचा नाही, या तीन गोष्टी लेखी द्या. बॉस्टन शहरानं 2014 मध्ये 12 ते 25 वयाच्या मुलांच्या हाती दहा लाख डॉलर खर्चाचा निर्णय दिला. हा पैसा फक्त भांडवली, म्हणजे बांधकामासारख्या टिकाऊ कामांसाठी, ही अट आधीच ठरलेली होती. अट आधी कळली तर मुलं तिच्यात बसेल असं काम शोधतात. तीच शेवटी सांगितली तर त्यांना तो नकारच वाटतो, आणि त्यांचं चूक नसतं.

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. बैठक तासाभराची, अध्यक्ष मुलांपैकी, दर दोन महिन्यांनी बदलणारा. जुन्यानं एक बैठक नव्याशेजारी बसायचं. इतिवृत्तात तीनच रकाने पुरतात : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मोठ्यांनी शेवटी बोलायचं. सही करण्याचा अधिकार असलेली एक मोठी व्यक्ती बैठकीला हवीच, नाहीतर प्रत्येक गोष्ट "वर विचारून सांगतो" म्हणून लटकते. पहिलं काम सहा आठवड्यांत डोळ्यांना दिसेल एवढंच घ्या. परीक्षांच्या तारखा आधी वेळापत्रकात घाला. बरीच गळती तिथेही होते.

मुलं चुकली तर? चुकतातच. अंदाजपत्रकात वाहतूक आणि देखभाल हमखास राहून जाते. म्हणून दहावा हिस्सा बाजूला ठेवा. पण चूक परस्पर निस्तरू नका. ज्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली, त्यांना मुलांनीच जाऊन सांगायचं.

"आधी सेवा, मग नेतृत्व" असं पूर्वी मीच ठासून सांगायचे. त्यातलं अर्धं आजही पटतं : ज्यानं झाडू हातात घेतलेला नाही, त्यानं सफाईचं नियोजन करू नये. उरलेलं अर्धं पटत नाही, कारण त्यातला "मग" कधी उगवतच नाही.

एका ठिकाणी मात्र मी अजून अडते. धोका असेल तर मोठ्यांनी थांबवायलाच हवं. पण "धोकादायक आहे" आणि "मला आवडलेलं नाही" यांतली रेघ कोण ओढणार? संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं, की मुलांच्या मताला वय आणि परिपक्वता पाहून महत्त्व द्यावं. आणि ती परिपक्वता मोजणारेही आपणच, भिंती रंगवायला निघालेले.